कॉर्नहिलहून आलेलें पत्र

सन १८४७ च्या जुलै महिन्यांत लंडन शहरीं कॉर्नहिल नांवाच्या रस्त्यावरील ६५ नंबरच्या पेढीवर एक पुडकें येऊन पडलें. साध्या कागदाचें वेष्टन, आंत एका कादंबरीचें हस्तलिखित, आणि लेखकाचें नांव करर बेल. वेष्टनावर कॉर्नहिलचा पत्ता होताच. परंतु त्याच्याच शेजारीं आणखी तीन-चार प्रकाशकांचे पत्ते लिहून नुसते खोडलेले होते. म्हणजे हें लेखन कोणकोणत्या दारांवरून परत फिरून आलें आहे, याचा दाखला लेखकानें आपल्याच हातानें सोबत जोडला होता! धंद्याची रीत ठाऊक असलेल्या माणसानें आधीं वेष्टन बदललें असतें. कांहीं दिवस उत्तर गेलें नाहीं, तेव्हां त्याच लेखकाचें दुसरें पत्र आलें, व त्यांत उत्तरासाठीं टपालाचें तिकीट घातलेलें होतें. तिकीट पाठविल्याशिवाय प्रकाशक लोक उत्तर देण्यास सहसा राजी नसतात असा आपला अनुभव आहे, असें त्यांत मोठ्या नम्रपणें लिहिलें होतें.

पेढीचा तरुण मालक जॉर्ज स्मिथ यानें पुढें पन्नास वर्षांनीं आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हांही हें वेष्टन व हें तिकीट तो विसरला नव्हता. करर बेल हा पुरुष नसून यॉर्कशायरांतील हॉवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाची एकतीस वर्षांची अविवाहित मुलगी आहे, ही गोष्ट मात्र त्या वेळीं त्याला ठाऊक नव्हती. तिचें नांव शार्लट ब्रॉन्टे. श्रोतेहो, आज मला तिच्या कादंबऱ्यांविषयीं बोलावयाचें नाहीं. त्यांवर पुष्कळ बोललें गेलें आहे. तिच्यामध्यें व कॉर्नहिलच्या ‘स्मिथ, एल्डर आणि कंपनी’ या पेढीमध्यें जो पत्रव्यवहार सुमारें सात वर्षें चालला, त्याची हकीकत सांगावयाची आहे. धंद्याच्या पत्रांतून मैत्री उगवूं शकते काय, आणि जिला दुसरी सोबत नाहीं तिनें अशा मैत्रीवर किती भार टाकावा, हा प्रश्न त्या पत्रांच्या तळाशीं आहे, आणि तो तिला स्वतःला पुरता ठाऊक होता.

आधीं घर पाहूं. टेकडीवर चढत गेलेला गांव, त्याच्या टोकाला दगडी घर, पुढच्या अंगाला थडग्यांनीं भरलेलें आवार, मागच्या अंगाला ओसाड माळ. आई १८२१ सालीं वारली. दोघी थोरल्या बहिणी शाळेंत आजारी पडून १८२५ सालीं एकीमागून एक गेल्या. उरलीं चार भावंडें : शार्लट, ब्रॅन्वेल, एमिली आणि ॲन. रात्रीं वडील निजावयास गेले, कीं तिघी बहिणी बैठकीच्या खोलींत मेजाभोंवतीं फेऱ्या घालीत व जें लिहिलें असेल तें एकमेकींना वाचून दाखवीत. ही त्यांची साहित्यसभा. तिघींनीं मिळून १८४६ सालीं आपल्या कवितांचें एक पुस्तक पदरच्या पैशानें छापविलें. मावशीच्या मृत्युपत्रानें थोडे पैसे हातीं आले होते, त्यांतून साडेएकतीस पौंड दिले. स्त्रियांच्या लेखनाकडे टीकाकार ज्या नजरेनें पाहतात ती टाळावी म्हणून करर, एलिस व ॲक्टन बेल हीं नांवें घेतलीं. आद्याक्षरें तेवढीं आपलीं ठेविलीं. वर्षभरांत त्या पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या. दोन!

अशा घरांतून लंडनच्या प्रकाशकांशीं बोलणें चालवावयाचें तें टपालानेंच. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें नसतें, तर हें सर्व घडतें ना. त्यापूर्वीं पत्राचें हांशील अंतराप्रमाणें व बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावें लागे. कोण्या अनोळखी करर बेलसाठीं कोणत्या प्रकाशकानें पदर खर्चांत पाडला असता?

आतां ती पेढी. स्मिथ व एल्डर या दोघां स्कॉटिश गृहस्थांनीं १८१६ सालीं ती काढली. ग्रंथप्रकाशन हा तिच्या उलाढालीचा एक भाग. दुसरा भाग आपल्या देशाशीं निगडित होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आलेल्या गोऱ्या अंमलदारांना कागद, पुस्तकें, बंदुका, खोगिरें, जें लागेल तें जहाजानें पाठवावयाचें व त्यांच्या पैशाअडक्याची देवघेव पाहावयाची, हा तिचा मोठा व्यापार होता. तेव्हां हॉवर्थच्या माळावरून निघालेलें तें पुडकें ज्या कचेरींत फुटलें, तेथें बाजूलाच मुंबई-कलकत्त्याकडे जाणाऱ्या पेट्या भरल्या जात होत्या असें समजावयास हरकत नाहीं.

या पेढींत आलेलीं हस्तलिखितें वाचून मत देण्याचें काम विल्यम स्मिथ विल्यम्स यांच्याकडे होतें. वय सत्तेचाळीस, मुलें आठ, पगार बेताचा, स्वभाव संकोची. तरुणपणीं ते कवि कीट्स याच्या प्रकाशकांकडे उमेदवारी करीत होते; मध्यें कितीएक वर्षें एका शिळाछापखान्यांत हिशेब लिहिण्यांत गेलीं. ग्रंथांची गोडी असून जन्म खतावण्यांत घालविण्याचें ज्यांच्या नशिबीं येतें, त्यांपैकीं ते एक. करर बेलची ती कादंबरी, ‘द प्रोफेसर’, त्यांनीं वाचली. ती लहान होती. त्या काळीं कादंबरी तीन खंडांची असली तरच खपे, कारण तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे व ती विकत घेण्याऐवजीं लोक वर्गणीच्या वाचनालयांतून आणीत. एकखंडी पुस्तक या व्यवस्थेंत बसत नव्हतें. तेव्हां विल्यम्स यांनीं नकार कळविला.

परंतु तो कसा कळविला, हें पाहण्यासारखें आहे. यापूर्वींच्या प्रकाशकांनीं दोन कोरड्या ओळींत वाट लावली होती. तशाच दोन ओळी असतील म्हणून शार्लटनें पाकीट उघडलें, तों दोन पानांचें पत्र निघालें. व्यापाराच्या कारणानें पुस्तक घेतां येत नाहीं असें त्यांत होतेंच. परंतु पुढें पुस्तकाच्या गुणांची व दोषांची इतकी समजूतदार चर्चा होती, कीं एखाद्या वरवरच्या होकारापेक्षां त्या नकारानेंच लेखिकेला अधिक बळ दिलें. तीन खंडांची दुसरी कादंबरी असल्यास तिचा काळजीपूर्वक विचार करूं, असेंही शेवटीं लिहिलें होतें.

तशी कादंबरी तयार होत आलीच होती. २४ ऑगस्ट १८४७ रोजीं शार्लटनें ‘जेन एअर’चें हस्तलिखित कीथलीहून रेल्वेनें रवाना केलें. त्या लहानशा ठेसनांत हांशील आगाऊ घेत नसत. म्हणून तिनें सोबत कळविलें, कीं पुडकें पोंचल्यावर तुम्हांस काय भरावें लागलें तें लिहा, मी लगेच तेवढीं टपालाचीं तिकिटें पाठवून देतें. उत्तर ‘मिस ब्रॉन्टे यांच्यामार्फत करर बेल’ या पत्त्यावर पाठवावें! साहित्याच्या इतिहासांत एवढा मोठा ठेवा इतक्या संकोचानें क्वचितच कोणी कोणाच्या दारांत ठेविला असेल.

विल्यम्स यांनीं वाचून तें हस्तलिखित स्मिथला दिलें. स्मिथ रविवारीं सकाळीं न्याहारीनंतर वाचावयास बसला. बारा वाजतां एका मित्राबरोबर घोड्यावरून फेरफटक्यास जाण्याचें ठरलें होतें. त्याला चिठ्ठी लिहून मोतद्दाराबरोबर पाठविली, कीं येतां येत नाहीं. दुपारचें खाणें त्याच खोलींत मागविलें, रात्रीचें जेवण कसेंबसें उरकलें, आणि निजण्यापूर्वीं पुस्तक संपविलें.

पेढीनें शंभर पौंड देऊं केले. शार्लटनें उत्तरीं लिहिलें, कीं वर्षभराच्या बौद्धिक श्रमाला ही रक्कम थोडी आहे. तरी आपल्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून मी ती घेतें. पूर्वीं एका घरीं मुलांची शिक्षिका म्हणून राहिली, तेव्हां तिला वर्षाचे वीस पौंड मिळत, व त्यांतून धुण्याचे पैसे वजा होऊन सोळाच हातीं पडत. म्हणजे शंभर पौंड तिला डोळ्यांनीं दिसलेली सर्वांत मोठी कमाई. तरीही तिनें ती थोडी आहे असें म्हटलें. याला मी तिच्या स्वभावाची पहिली खूण मानतों. दुसरी खूण लगेच दिसली. शाळेच्या छळाचीं प्रकरणें थोडीं सौम्य करावीं अशी सूचना कॉर्नहिलहून आली, तेव्हां तिनें विनयानें पण स्वच्छ सांगितलें, कीं जें खरें आहे तें सौम्य करतां यावयाचें नाहीं. थोरल्या दोघी बहिणी त्याच शाळेनें नेल्या होत्या, हें कारण तिनें लिहिलें नाहीं. पुस्तक ऑक्टोबरांत बाहेर पडलें, लंडनभर गाजलें, आणि आवृत्त्या निघत गेल्या तसे पेढीनें एकंदर पांचशें पौंड पोंचते केले.

गांवांत मात्र कांहीं गमक नव्हतें. टपालवाल्यानें एकदां वृद्ध ब्रॉन्टेसाहेबांनाच वाटेंत विचारलें, कीं करर बेल कोठें राहतात. त्यांनीं बिनदिक्कत सांगितलें, कीं या धर्मग्रामांत त्या नांवाचा कोणी नाहीं!

एमिलीचें ‘वदरिंग हाइट्स’ व ॲनचें ‘ॲग्नेस ग्रे’ हीं मात्र टी. सी. न्यूबी नांवाच्या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलीं होतीं. त्यानें दोघींकडून पन्नास पौंड आगाऊ घेतले, महिनेच्या महिने पुस्तकें रखडविलीं, आणि ‘जेन एअर’ गाजल्यावर घाईनें बाहेर काढलीं. पुढें १८४८ सालीं ॲनची दुसरी कादंबरी आली, तेव्हां तीही ‘जेन एअर’च्याच कर्त्याची आहे असें त्यानें अमेरिकेंतल्या प्रकाशकाला कळविलें. स्मिथचा अमेरिकेशीं आधींच करार झाला होता. त्यानें करर बेलला लिहिलें, कीं हा प्रकार काय आहे?

पत्र पोंचलें त्याच दिवशीं शार्लट व ॲन वादळी पावसांतून कीथलीपर्यंत चालत गेल्या, लीड्सला रात्रीची गाडी धरली, आणि ८ जुलै १८४८ च्या सकाळीं लंडनास उतरल्या. तोंडें धुऊन, थोडेंसें खाऊन कॉर्नहिलवर आल्या. मोठें पुस्तकांचें दुकान, आंत कारकुनांची धांदल. साध्या काळ्या पोषाखांतील दोन ठेंगण्या स्त्रियांना नांव विचारलें तर सांगेनात. खाजगी काम आहे म्हणाल्या. स्मिथ नाखुषीनें बाहेर आला. शार्लटनें त्याच्या हातांत त्याचेंच पत्र ठेविलें. त्यानें पत्राकडे पाहिलें, मग तिच्याकडे, आणि विचारलें, हें तुम्हांला कोठें मिळालें? त्या वेळीं स्मिथ चोवीस वर्षांचा होता, ती बत्तिसांची. हा सर्व वृत्तान्त तिनें न्यूझीलंडांतील आपल्या एका मैत्रिणीस लिहून कळविला. त्या मैत्रिणीनें शार्लटचीं बाकीचीं पत्रें जाळून टाकलीं. हें एक ठेविलें, म्हणून आपल्याला एवढा तपशील मिळतो.

आतां या पत्रव्यवहाराचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याकडे वळतों. लंडनहून परत येऊन तीन महिने झाले नाहींत तों सप्टेंबरांत ब्रॅन्वेल वारला. त्याच्या दफनाच्या दिवसांपासून एमिलीला खोकला लागला. ती औषध घेईना, डॉक्टरला घरांत येऊं देईना. शार्लटनें कॉर्नहिलला लिहिलें. विल्यम्स यांनीं होमिओपॅथीचा उपाय सुचविणारें पत्र पाठविलें. तें एमिलीच्या हातीं दिलें, तर तिनें वाचून सांगितलें, कीं हेतु चांगला आहे, पण ही वैदूगिरीचीच दुसरी तऱ्हा. १९ डिसेंबरला एमिली गेली. ॲनला त्याच रोगानें गांठलें, तेव्हां स्मिथनें लंडनच्या नामांकित डॉक्टरचा सल्ला मिळवून दिला. २८ मे १८४९ रोजीं समुद्रकांठच्या स्कारबरो गांवीं तीही गेली. आठ महिन्यांत तिघें.

या आठ महिन्यांत विल्यम्स यांना गेलेलीं पत्रें वाचवत नाहींत, असें म्हणावेंसें वाटतें. परंतु त्यांत रडणें फार थोडें आहे. आजाराची स्थिति, एखाद्या पुस्तकावरचें मत, मग पुन्हां आजार. हीं पत्रें एका पुस्तकें वाचणाऱ्या नोकराला लिहिलेलीं आहेत, ज्याला तिनें एकदोनदांच पाहिलें होतें. कॉर्नहिलहून हॉवर्थला पुस्तकांची पेटी येत असे. वाचून परत पाठवावयाची, कीं दुसरी भरून येई. एमिलीच्या अखेरच्या संध्याकाळीं शार्लटनें तिला अमेरिकन लेखक इमर्सन याचे निबंध वाचून दाखविण्याचा यत्न केला.

‘शर्ली’ ही कादंबरी तेव्हां अर्धवट पडली होती. १८४९ च्या फेब्रुवारींत, एमिली गेलेली व ॲन अंथरुणाला खिळलेली असतां, तिनें पहिला खंडच लंडनला धाडला आणि स्मिथ, विल्यम्स व पेढींतला तिसरा गृहस्थ जेम्स टेलर या तिघांचें निर्भीड मत मागितलें. असें तिनें पूर्वीं कधीं केलें नव्हतें. मेजाभोंवतींच्या फेऱ्या बंद पडल्या होत्या. वाचून दाखवावें असें घरांत कोणी उरलें नव्हतें. ॲनही गेल्यावर ती रात्रीं त्याच खोलींत एकटीच फेऱ्या घाली. बहिणींच्या जागीं आतां कॉर्नहिलची पेढी आली होती. मागितलेलें मत मिळालें, पण मानलें थोडें! आरंभींचें उपपाद्र्यांच्या थट्टेचें प्रकरण गाळावें असें तिघांचें म्हणणें पडलें, तें तिनें ठेविलेंच. एका टीकाकाराला उत्तर म्हणून लिहिलेली चिडखोर प्रस्तावना तेवढी पेढीच्या आग्रहानें मागें राहिली, आणि माझ्या मतें पेढीचें म्हणणें बरोबर होतें.

विल्यम्स यांना मुली होत्या व त्यांच्या भवितव्याची त्यांना काळजी असे. शार्लटनें लिहिलें, कीं मुलींना अशी विद्या द्या, कीं त्यांना आपलें पोट भरतां येईल. शिक्षिकेचें जिणें कष्टाचें आहे खरें, पण घरांत रिकाम्या हातांनीं झुरत बसण्याहून तें बरें. हें तिनें ॲनच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांनीं लिहिलें, व स्वतःला काम नसतें तर या रिकाम्या घरांत माझें काय झालें असतें तेंही सांगितलें. आपल्या इकडे सावित्रीबाई फुले १८४८ सालीं पुण्यांत मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या होत्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, पण काळ जवळजवळ तोच आहे, म्हणून आठवण झाली.

जेम्स टेलरचें नांव आलें आहे, तर त्याची हकीकत येथेंच सांगतों, कारण ती मुंबईस येऊन संपते. टेलर हा ठेंगणा, तांबूस केसांचा, करारी स्कॉटिश मनुष्य. पेढींतले चाळीस कारकून त्याच्या धाकांत असत. ‘शर्ली’चें हस्तलिखित नेण्यासाठीं १८४९ च्या सप्टेंबरांत तो स्वतः हॉवर्थला येऊन गेला. पुढें तो तिला साप्ताहिकें पाठवी, लांब पत्रें लिही. १८५१ सालीं पेढीनें मुंबईला शाखा काढण्याचें ठरवून त्याची नेमणूक केली. निघण्यापूर्वीं एप्रिलांत तो हॉवर्थला आला. विवाहाचा विषय मनांत होता. वृद्ध वडिलांना तो पसंत होता. मुलीनें पांच वर्षें थांबावें व तो परत आल्यावर लग्न करावें, असेंही त्यांना चाललें असतें. शार्लटचें मन मात्र चमत्कारिक. त्याची बुद्धि व सचोटी तिला मान्य. पण तो जवळ आला कीं अंगांतलें रक्त गोठल्यासारखें वाटे, आणि दूर गेला कीं त्याच्याविषयीं आस्था वाटे, असें तिनें आपल्या जुन्या मैत्रिणीला कळविलें. टेलर तसाच गेला. तो गेल्यावर तिला दुप्पट एकटें वाटलें, हेंही तिनें लिहून ठेविलें आहे.

मुंबईहून त्याचीं पत्रें आलीं. तिनें उत्तरें दिलीं. मग पत्रें थांबलीं. सुवेझच्या वाटेनें टपाल पोंचावयास तेव्हां महिना-सव्वा महिना लागे, आणि १८५२ सालीं ती हिंदुस्थानच्या प्रत्येक डाकेची वाट पाहून मैत्रिणीला कळवी, कीं आज कांहीं आलें नाहीं. ‘जेन एअर’मध्यें तिनें चार वर्षांपूर्वींच एक धर्मोपदेशक रंगविला होता, जो नायिकेला हिंदुस्थानी भाषा शिकवितो आणि लग्न करून तिकडे चल म्हणतो, व ती नाहीं म्हणते. टेलर १८५६ सालीं मायदेशीं गेला व १८६३ सालीं पुन्हां मुंबईला आला. येथें त्यानें वृत्तपत्राचें संपादन केलें; तो मुंबईच्या व्यापारी मंडळाचा, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सचा, चिटणीस झाला व मुंबई विश्वविद्यालयाचा रजिस्ट्रारही झाला. २९ एप्रिल १८७४ रोजीं तो मुंबईंतच वारला, व येथेंच त्याला मूठमाती मिळाली. त्याच्या कचेरींत कामाला गेलेल्या आपल्या पदवीधरांपैकीं किती जणांना ठाऊक असेल, कीं या शिस्तखोर साहेबाला ‘जेन एअर’च्या लेखिकेनें हुलकावणी दिली होती?

खुद्द जॉर्ज स्मिथविषयीं शार्लटच्या मनांत काय होतें, यावर चरित्रकारांनीं पुष्कळ तर्क केले आहेत. देखणा, हंसतमुख, आठ वर्षांनीं लहान. त्यानें तिला आपल्या आईच्या घरीं पाहुणी म्हणून ठेविलें, थॅकरेची गांठ घालून दिली, चित्रकार रिचमंडकडून तिचें चित्र काढवून तिच्या वडिलांना भेट पाठविलें, तिचे पैसे सुरक्षित जागीं गुंतविले. त्यांचीं पत्रें थट्टामस्करीचीं होत गेलीं. लंडनांत एका मस्तकसामुद्रिकाकडे दोघें खोटीं नांवें घेऊन, भाऊ-बहीण म्हणून गेलीं होतीं. ‘व्हिलेट’ या कादंबरींतला डॉक्टर जॉन व त्याची आई हीं स्मिथ मायलेकांवरून घेतलेलीं आहेत, आणि तें दोघांनाही कळलें. त्या कादंबरीची नायिका डॉक्टरकडे ओढली जाते. डॉक्टर एका सुंदर, सुखी मुलीशीं लग्न करतो. तिसऱ्या खंडांत कथा त्याला सोडून एका काळ्यासांवळ्या, चिडखोर मास्तराकडे वळते.

हा तिसरा खंड १८५२ च्या अखेरीस कॉर्नहिलला गेला. उत्तर म्हणून पांचशें पौंडांची पोंच पावती आली, आणि सोबत एक ओळही नाहीं! याहून अधिक रकमेची अपेक्षा होती ती गोष्ट वेगळी. पण पत्र नाहीं याचा अर्थ काय? तिनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं लंडनची गाडी गांठून स्वतः जाऊन विचारण्याचा बेत केला. तेवढ्यांत स्मिथचें पत्र आलें. त्याला तिसरा खंड रुचला नव्हता. पुस्तक दुसऱ्यासंबंधींचें असतें तर त्यानें तें मोकळेपणानें सांगितलें असतें, असें मला वाटतें. पैशाच्या बाबतींतही पेढी फार उदार होती असें म्हणवत नाहीं. तिन्ही कादंबऱ्यांना पांचशें-पांचशें दिले. आणि याच स्मिथनें दहा वर्षांनीं जॉर्ज इलियट या लेखिकेला एका कादंबरीसाठीं दहा हजार पौंड देऊं केले होते. शार्लटनें कधीं घासाघीस केली नाहीं. मित्राशीं भाव कसा करावा? धंदा आणि मैत्री एकाच पाकिटांत आलीं म्हणजे अशी पंचाईत होते, आणि ती बहुधा दुबळ्या बाजूचीच होते.

१८५३ सालीं कॉर्नहिलचीं पत्रें विरळ झालीं. स्मिथवर कामाचा बोजा होता, हें खरें. शिवाय त्याचें लग्न ठरत होतें. तिनें त्याच्या आईला विचारून तें काढून घेतलें. ६ डिसेंबरला तिनें विल्यम्स यांना लिहिलें, कीं आतां पुस्तकें निवडण्याची व पाठविण्याची तसदी घेऊं नका. हे उपचार कधीं तरी थांबावयाचेच, तर झिजून संपण्यापेक्षां मीच ते सोडून देतें. चार दिवसांनीं स्मिथला अभिनंदनाचें पत्र गेलें. तें तीन-चार ओळींचें आहे. मोठ्या सुखांत, मोठ्या दुःखाप्रमाणेंच, शब्द थोडे असावेत, एवढा त्याचा आशय. ज्या बाईनें त्याला पानेंच्या पानें लिहिलीं होतीं, तिचें हें पत्र.

त्या पत्रांत राग आहे असें पुष्कळांना वाटतें. मला तर त्यांत हिशेब दिसतो, आणि तो तिनें आधींच मांडून ठेविलेला असावा. पुस्तकांची पेटी, लंडनची पाहुणचारी, साप्ताहिकें, हें सर्व आपण लिहितों म्हणून येतें, हें ती जाणून होती. पण विल्यम्स यांच्या त्या पहिल्या पत्राला लेखिकेकडून मिळवावयाचें कांहींच नव्हतें, हेंही ती विसरली नव्हती. म्हणून पेढीवर तिनें कधीं दोष ठेविला नाहीं. १८५४ च्या एप्रिलांत स्मिथला आपल्या विवाहाची वार्ता कळवितांना तिनें स्नेहानेंच लिहिलें, कीं गेल्या वर्षभरांत लंडन व कॉर्नहिल माझ्यापासून फार दूर गेलीं आहेत. वडिलांचे मदतनीस आर्थर निकल्स यांच्याशीं २९ जूनला तिचें लग्न झालें. ३१ मार्च १८५५ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाला तीन आठवडे कमी असतां, ती वारली.

वडिलांच्या सांगण्यावरून मिसेस गॅस्केल यांनीं तिचें चरित्र लिहावयास घेतलें. तें १८५७ सालीं स्मिथनेंच छापलें. विल्यम्स यांनीं आपल्याजवळचीं पत्रें चरित्रासाठीं दिलीं. स्मिथनें कांहीं दिलीं व कांहीं मागें ठेविलीं. इंग्लंडच्या कायद्यानें पत्राचा कागद घेणाऱ्याचा, पण मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसाचा. त्यामुळें निकल्स यांची परवानगी लागली, आणि ती त्यांनीं जड मनानें दिली. हयातींत तर त्यांनीं शार्लटच्या जुन्या मैत्रिणीकडून पत्रें जाळून टाकण्याचें वचन मागितलें होतें. तिनें तें पाळलें नाहीं, हें आपलें भाग्य. त्याच १८५७ सालीं ‘द प्रोफेसर’ही कॉर्नहिलहून बाहेर पडलें. मध्यंतरीं तिनें तें आणखी दोनदां पुढें केलें होतें व पेढीनें दोन्ही वेळां नको म्हटलें होतें. एकंदर नऊ वेळां नाकारलेलें हें पोर मी आतां कपाटांत कुलूप लावून ठेवतें, असें तिनें स्मिथला विनोदानें कळविलें होतें.

शार्लटनें लिहिलेलीं शेंकडों पत्रें आज टिपांसह तीन जाड खंडांत छापलेलीं आहेत. मार्गारेट स्मिथ या विदुषीनें तीं १९९५ ते २००४ या काळांत प्रसिद्ध केलीं. विल्यम्स यांचीं तिला आलेलीं पत्रें मात्र फार थोडीं उरलीं. त्या दोन पानी नकारांत काय होतें, तें आपल्याला कळतें तें तिनेंच १८५० सालीं, बहिणींच्या कादंबऱ्या पुन्हां छापतांना जोडलेल्या टिपणांत सांगून ठेविलें म्हणून. तें टिपण छापलें कॉर्नहिलनेंच, आणि छापण्यापूर्वीं तें वाचण्याचें काम विल्यम्स यांच्याकडेच आलें असलें पाहिजे.